अहिरराव सरांचा डावा हात

अहिरराव सर क्लासला कुलूप लावायचे, ओढून बघायचे, अर्धा जिना उतरायचे आणि परत वर जाऊन ओढून बघायचे. आम्ही खाली गाड्यांपाशी उभे असायचो. खाली आले की जरा ओशाळून म्हणायचे, "लागलंय. मला माहीत होतं लागलंय." मग प्रत्येकाला हेल्मेट घालायला लावायचे आणि पोचल्यावर मेसेज टाका म्हणायचे. मेसेज नाही गेला तर फोन यायचाच. "पोचलात ना? नाही, सहज विचारलं." मी तिथून दोन गल्ल्या सोडून राहते, चालत जाते, तरी मलाही तो फोन चुकला नाही.

इंदिरानगरमध्ये एका स्टेशनरीच्या दुकानावर त्यांची खोली होती. भिंतीवर चार-पाच गिटारी, कोपऱ्यात छोट्या गिटारीसारखं युकुलेले, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पंखा, जो फार जोरात लावायचा नाही कारण तो पडेल. माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिनं हौसेनं घेतलेलं युकुलेले कपाटावर धूळ खात राहिलं. ते बघवेना म्हणून ते घेऊन मी त्या खोलीत गेले. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळभर लोकांच्या हातातल्या शिरा शोधायच्या आणि रक्त घ्यायचं. त्यामुळे माणसाच्या चेहऱ्याआधी मी त्याचे हात बघते. सरांचे हात सुंदर होते, लांब बोटांचे. बाकी माणूस सतत कसल्या ना कसल्या काळजीत, पण हात शांत.

मोठ्यांच्या बॅचमध्ये आम्ही मोजकेच होतो. त्यातले पाटोळे काका नाशिक रोडहून यायचे. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, गिटार मांडीवर बाळासारखी धरणारे. आणि ऋतुजा, कॉलेजात शिकणारी, आमच्यात सगळ्यात तयार. सुरुवातीचे कितीतरी दिवस सरांनी आम्हाला एकही सूर वाजवू दिला नाही. डावा हात तारांवर नुसता हलका ठेवायचा, म्हणजे तारा मुक्या होतात, आणि उजव्यानं खाली-वर, खाली-वर करायचं. नुसता ठक्-ठक् आवाज यायचा.

"सर, आम्ही गाणी शिकायला आलोय," पाटोळे काका शेवटी म्हणाले. "हे कपडे धुतल्यासारखं वाटतंय."

"काका, सूर चुकला तर लोक माफ करतात," सर म्हणाले. "हात थांबला तर गाणं तिथंच पडतं. डावा हात चुकणारच. उजव्यानं त्याच्याकडे बघायचंच नाही."

ताल लक्षात राहावा म्हणून त्यांनी शब्द दिले होते: चल, घरी, लवकर. 'चल'ला एक फटका खाली. 'घरी'ला खाली-वर. 'लवकर'ला वर-खाली-वर. तेच पुन्हा पुन्हा म्हणत वाजवायचं. काकांना त्याचं वेडच लागलं. एकदा भाजी घेताना ते पुटपुटत उभे होते, चल घरी लवकर, चल घरी लवकर, आणि काकू पिशवी आपटून म्हणाल्या, "मग चला की!"

सर मूळचे सटाण्याकडचे. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. लग्नं, यात्रा, गणपती. एकदा मी विचारलं, एवढं घाबरणारा माणूस स्टेजवर कसा चढायचा?

"घाबरतच," ते म्हणाले. "घाबरलेला माणूस पळतो, ताई. माझं गाणंही पळायचं. ड्रमवाला मागून शिव्या घालायचा. मग मी उजव्या हाताला शिकवलं, की मी कितीही घाबरलो तरी तू चालल्यासारखाच चाल. बाकी आयुष्यात नाही जमलं ते. तेवढं जमलं."

हे सांगतानाही ते खिडकीतून खाली बघत होते, कारण ऋतुजाला यायला उशीर झाला होता.

दिवाळीनंतर मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं. सर स्वतः वाजवून दाखवेनासे झाले. आधी कुठल्याही कॉर्डची पकड अडली की आमच्या हातातली गिटार ओढून घ्यायचे. आता म्हणायचे, "ऋतुजा, तू दाखव." मग एके दिवशी गिटार सोडून युकुलेले घेऊन बसले. "चार तारा, सुटसुटीत. नाही तरी आता पोरांना हेच हवंय." मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. शेवटची दोन बोटं तारेवर टेकायच्या आत आतल्या बाजूला दुमडली जात होती. हात खाली घेतला की सरळ. पुढच्या आठवड्यात त्या बोटांना चिकटपट्टी होती.

"काय झालं सर?"

"थंडी," ते म्हणाले. नाशिकला त्या वर्षी थंडी होती हे खरं. पण थंडीनं सगळी बोटं आखडतात, निवडून दोन नाही. मी युकुलेले पिशवीत घातलं. घरी जाऊन मात्र मला झोप लागेना. आमच्या कामात आम्ही निदान करत नाही, नुसते आकडे देतो. पण वाईट आकडा आला की नाव वाचायच्या आधी मी तो पुन्हा तपासते, तशी ती दोन बोटं मी मनात पुन्हा पुन्हा तपासत होते.

सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदनानंतर छोटा कार्यक्रम होता. आमच्या बॅचनं एक गाणं वाजवायचं ठरलं होतं. सर आदल्या दिवशी येऊन खुर्च्या कुठे ठेवणार ते बघून गेले, माइकची वायर कुणाच्या पायात येईल तेही. सकाळी प्रत्येकाचं वाद्य त्यांनी परत परत लावून दिलं. काका घाबरले होते म्हणून सर त्यांच्या एका बाजूला बसले, मी दुसऱ्या. आणि काकांनी हट्टच धरला, की सर, तुम्ही गिटार घ्या, तुमचा आवाज असला की आम्हाला धीर येतो. नाही म्हणायला सरांना जागा राहिली नाही.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात एक अवघड कॉर्ड होती, सगळ्या तारा एका बोटानं दाबायच्या आणि बाकीची बोटं पुढे. मी खाली मान घालून माझ्या चार तारा सांभाळत होते, तेवढ्यात शेजारचा सूर नाहीसा झाला. वर बघितलं. सरांच्या डाव्या हाताची बोटं तळव्यात वळली होती, मूठच झाली होती, आणि ते ती उघडायचा प्रयत्न करत होते. कपाळावर घाम. पण उजवा हात तसाच चालत होता. मग त्यांनी ती वळलेली बोटं तशीच तारांवर टेकवली, तारा मुक्या झाल्या, आणि उरलेलं सगळं गाणं त्यांनी नुसत्या ठक्-ठक् तालावर नेलं. आम्ही त्याच्यावर वाजवत राहिलो. लोकांना वाटलं असंच बसवलंय. टाळ्या पडल्या. एक आजोबा येऊन काकांचा हात हातात घेऊन गेले.

सर खुर्चीतून उठले नाहीत. सगळे चहाकडे गेल्यावर मला म्हणाले, "कळलं?"

"नाही सर. काय?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, वैशालीताई." डावा हात त्यांनी खिशात घातला होता.

पुढचे दोन-तीन महिने डॉक्टरांचे. आधी मानेचा मणका म्हणाले, तपासण्या झाल्या, मणका ठीक निघाला. मग कुणी व्यायाम दिले, कुणी गोळ्या. शेवटी मेंदूच्या एका डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हाताला काही झालेलं नाही, बोटांकडे जाणारा हुकूमच चुकतोय, आणि तोही फक्त गिटार वाजवताना. आयुष्यभर एकच बारीक काम करणाऱ्यांना कधी कधी होतं. डॉक्टरांनी शर्टाचं बटण लावायला सांगितलं, जमलं. सही उजव्यानं, पण पेन डाव्यात धरून बघितलं, तेही जमलं. सोबत नेलेली गिटार हातात दिली आणि बोटं वळली.

"कांदा चिरतो ना मी," सर मला सांगत होते. "ज्योतीला विचारा. बारीक चिरतो. फक्त तेवढंच येत नाही." ज्योतीवहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्या मान खाली घालून चहात साखर ढवळत होत्या. तेवढ्यात सटाण्याहून सरांच्या आईचा फोन आला. त्यांनी तो कानापासून लांब धरला तरी मला ऐकू आलं, "तुना हातले नजर लागनी शे." सर म्हणाले, "हो माय, हो." आणि फोन ठेवून बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले, खरंच कुणी बघून गेलंय का ते शोधत असल्यासारखे.

लहान मुलांच्या बॅचमध्ये कुजबुज सुरू झाली होती. एक आई जिन्यात मलाच म्हणाली, "अहो, सर स्वतः वाजवतच नाहीत. यांना येतं ना नक्की?" मी काही सांगितलं नाही, कारण सरांनी कुणाला सांगू नका म्हणून बजावलं होतं. मुलं एकेक करून गळाली. खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात गेल्या. मग एका सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मेसेज आला: 'काही दिवस क्लास बंद राहील. सराव चालू ठेवा. गाडी सावकाश चालवा.' आणि दुपारी त्याच्याखाली ती करडी ओळ, सर ग्रुपमधून बाहेर पडल्याची.

आम्ही फोन केले. उचलले नाहीत. घरी गेलो तर वहिनी म्हणाल्या, झोपलेत. पुन्हा गेलो, तेव्हाही झोपले होते. पाटोळे काका जिन्यात थांबून म्हणाले, "मी निवृत्त झालो तेव्हा मला सहा महिने कळत नव्हतं सकाळी उठून काय करायचं. आणि मला तर माझं काम एवढं आवडतही नव्हतं."

मग तो दिवस आला. मी लॅबमध्ये होते, सकाळची गर्दी ओसरत आली होती. वहिनींचा फोन.

"वैशालीताई, हे तुमच्याकडे आलेत का?"

"नाही. का?"

"सकाळी मी शाळेत गेले तेव्हा होते. शाळा सुटून आले तर नाहीत. फोन बंद लागतोय. गिटार पण नाहीये. काल म्हणत होते, हा हात तुटून गेला असता तर बरं झालं असतं, निदान लोकांना दिसलं असतं. मी रागावले त्यांच्यावर. मी रागवायला नको होतं."

मी हातमोजे काढले, सहकारिणीला सांगितलं आणि निघाले. रिक्षातूनच काकांना आणि ऋतुजाला फोन केले. काका म्हणाले, "मी जवळ आहे, मी स्टेशनवर बघतो." ऋतुजा म्हणाली, "मी गंगेवर, गोदाघाटावर चक्कर मारून येते." मी बरं म्हणाले. याच दोन जागा का, हे तिघांपैकी कुणी बोललं नाही.

मी वहिनींकडे जाऊन बसले. त्या उभ्याच होत्या. गॅलरीत जायच्या, आत यायच्या, फोन लावायच्या, तीच बाई तेच सांगायची, की हा नंबर बंद आहे. टेबलावर सरांच्या गोळ्या होत्या, चष्म्याची रिकामी डबी होती. भिंतीवर गिटारीच्या जागी नुसता खिळा. दर थोड्या वेळानं काकांचा फोन यायचा. "एक नंबरला नाहीत. आता दोनला बघतो." मागे गाडीची अनाउन्समेंट ऐकू यायची आणि वहिनींना ती ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज कमी करायचे. ऋतुजा घाटावर सगळीकडे फिरून आली, कुणाकुणाला फोटो दाखवून आली, आणि आमच्यापाशी येऊन बसली. पोलिसांत जायचं का, हा विषय माझ्या जिभेवर होता. वहिनींसमोर तो शब्द उच्चारवत नव्हता.

ऊन कलायला लागलं तेव्हा वहिनींचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांना तो उचलवेना, माझ्या हातात दिला. मी स्पीकरवर टाकला.

"ज्योती? मी सिन्नरला आहे. जेवलीस का?"

वहिनी होत्या तिथंच जमिनीवर बसल्या.

सर बसनं परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. काकाही येऊन थांबले होते. सर दारात गिटार घेऊन उभे राहिले आणि एवढी माणसं बघून घाबरले. "काय झालं? कुणाला काय झालं?"

"कुणाला काय व्हायचंय!" वहिनींचा आवाज एकदम चढला. "जगाला सांगता पोचल्यावर कळवा म्हणून. आणि स्वतः?"

"फोन बंद पडला गं. मी... माझ्या लक्षातच आलं नाही." त्यांच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. काळजी करणं हे आपलंच खातं आहे, दुसरं कुणी आपली करत बसेल, हे त्यांच्या डोक्यातच नसावं. काकांच्या शर्टावर घामाचे डाग होते. ते बघून सर विचारायला गेले, तुम्ही कुठून आलात, आणि काका "स्टेशनवरून" म्हणाले. सरांना हळूहळू समजलं. ते खुर्चीत बसले. त्यांनी आमच्या तिघांसमोर हात जोडले, आणि काका म्हणाले, "असलं काही करू नका हो." वहिनी आत जाऊन ताट वाढायला लागल्या.

झालं होतं ते असं. सिन्नरला नामदेव म्हणून त्यांचा ऑर्केस्ट्रातला सोबती होता, आता फर्निचरची कामं करायचा आणि अधूनमधून वाद्यं दुरुस्त करायचा. सरांनी त्याच्याकडे जाऊन गिटार उलटी करून घेतली होती. तारा उलट क्रमानं, मानेच्या टोकाची खाचांची पट्टी नवीन, म्हणजे आता डाव्या हातानं छेडायची आणि उजव्यानं दाबायची.

"नामदेव ऐकेचना. म्हणे, 'येड लागलंय का तुला? लय वर्षांची गिटार हाय, तिची वाट लावतो?' दुपारपर्यंत वाद घालत बसलो होतो."

"पण डाव्या हाताला..." मी म्हणाले.

"छेडायला बोटं लागत नाहीत, ताई. मनगट लागतं. मनगट बरं आहे." त्यांनी ते एकदा फिरवून बघितलं. "आज तरी बरं आहे. डॉक्टर म्हणाले, कधी कधी दुसऱ्या हातातही उतरतं. काही सांगता येत नाही."

जेवण झाल्यावर त्यांनी ती उलटी गिटार आमच्यासमोर घेतली. मला वाटलं, निदान ताल तरी येईल. तालाचा तर हा माणूस. पण डाव्या हाताला तो माहीतच नव्हता. एक फटका जड, एक हलका, मधेच अडखळून दोन एकत्र. उजव्या हाताची बोटं तारांवर चाचपडत होती. आमच्या पहिल्या आठवड्यात खोलीत जो आवाज यायचा, तोच आता सरांच्या हातातून येत होता. ते थांबले, पॅन्टला तळहात पुसले.

"डोकं बरोबर सांगतंय, हात ऐकत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला असंच व्हायचं का?"

"अजून होतं सर," काका म्हणाले.

सर हसले नाहीत. "मी तुम्हाला फार बोलायचो," एवढंच म्हणाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली परत उघडली. शिकवायला ऋतुजा बसायची. सरांनी या वेळी पालकांना सगळं सांगून टाकलं. काही आले, बरेच आले नाहीत. सर मोठ्यांच्या बॅचमध्ये आमच्या रांगेत, काकांच्या शेजारी बसायचे. ऋतुजाला पहिले काही दिवस फार जड गेलं. सरांची चूक झाली की ती दुसरीकडे बघायची. शेवटी सरच म्हणाले, "मला सांगणार नसशील तर मी पैसे परत मागेन," आणि मग ती सांगायला लागली. पण सरांची भीती कमी झाली असं मला कधी दिसलं नाही. तास सुरू व्हायच्या आधी ते उजव्या हाताची बोटं उघडायचे, मिटायचे, उघडायचे, आणि त्यांच्याकडे असं बघायचे जसं आपण तापातल्या मुलाकडे बघतो. एखादं बोट जरा आखडलं की रंग उडायचा. मग कळायचं, नुसतं थकलंय.

पुढे माझ्या लॅबच्या वेळा बदलल्या आणि माझा क्लास सुटला. शेवटचं बघितलं ते एका रविवारी सकाळी. नव्या शिकणाऱ्यांनी एकेकट्यानं एक गाणं वाजवून दाखवायचं होतं, दोन कॉर्डचं, सगळ्यात सोपं. ऋतुजानं मला मुद्दाम बोलावलं होतं. खोलीत बरीच माणसं होती, वहिनी मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. लहान मुलं वाजवून गेली, एक बँकेतल्या बाई वाजवून गेल्या. मग ऋतुजानं सरांकडे बघितलं आणि ते उठून मधल्या खुर्चीत येऊन बसले.

एका ओळीला घाई झाली ती सोडली तर गाणं फार हळू चाललं होतं. कॉर्ड बदलायच्या आधी त्यांचे ओठ हलायचे, आणि बोटं पोचेपर्यंत सगळी खोली श्वास धरून राहायची. वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मधे एकदा उजव्या हाताची करंगळी वर उचलली गेली. मी बघितलं, वहिनींनी बघितलं. ती परत खाली आली. गाणं संपलं तेव्हा सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

टाळ्या थांबल्यावर ऋतुजा म्हणाली, "सर, दुसरी ओळ पळाली. परत एकदा? जरा सावकाश."

त्यांनी आज्ञाधारकपणे मान हलवली, गिटार मांडीवर सरळ केली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. माझी ड्युटीची वेळ झाली होती. मी दाराशी वाकून चपला घातल्या. त्यांनी मान वर केली नाही. ते दुसऱ्या ओळीपर्यंत आले होते.